ज्यानं मोडली, त्यानंच जोडली!

कॅम्पस इंटरव्ह्यूत कुणी विचारलं, "माउंटन बाइकचा शोध कोणत्या कंपनीने लावला?", तर आपल्यातले निम्मे जण जिभेवर येईल ते नाव ठोकून देतील आणि उरलेले वरती पंख्याकडे बघत बसतील. मार्क दोघांचेही जाणार! कारण तो शोध कुठल्याच कंपनीने लावलेला नाही. ना रिसर्च डिपार्टमेंट, ना बजेट, ना प्रोजेक्ट गाइड. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या, सायकलच्या दुकानात हात काळे करणाऱ्या पोरांनी रिकाम्या वेळात तो लावला. तेसुद्धा "चला, शोध लावू या" असं काही न ठरवता.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की पान उलटायचं हे तुम्हाला ठरवता येईल. वस्तू वापरून मोडणारा आणि ती दुरुस्त करणारा माणूस एकच असेल, आणि मोडण्याची जागा व दुरुस्तीची जागा यांत एका संध्याकाळीचंच अंतर असेल, तर तिथे इंजिनिअरिंग आपोआप घडतं. आपल्याकडे या दोन जागांमध्ये चार वर्षं, आठ सेमिस्टर आणि एक कुलूपबंद वर्कशॉप आहे. हे अंतर कमी करता येतं, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. कसं ते शेवटी सांगतो. आधी त्या पोरांची गोष्ट.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन नावाचा परगणा लागतो. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. उंची ७८४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. त्याच्या पायथ्याशी फेअरफॅक्स हे छोटं गाव. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांना एक खूळ लागलं. १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जुन्या, जाडजूड सायकली भंगारातून चार-पाच डॉलरला उचलायच्या, डोंगरावर ढकलत न्यायच्या आणि मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली सोडायच्या. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. आपल्या भाषेत खटारा!

आता जुनीच सायकल का? तर श्विनने १९३३ मध्ये अमेरिकेत २६ इंची, सव्वादोन इंचाच्या आसपास जाड असा 'बलून टायर' आणला होता. दणकट आणि हवेची गादी असलेला. शर्यतीच्या सायकलीचं नाजूक चाक जिथे आठ आकडा होऊन बसेल तिथे हा टायर दगड गिळून पुढे जायचा. पुढे तीसेक वर्षं जगभरातल्या माउंटन बाइकचं चाक २६ इंची राहिलं, त्याचं मूळ या भंगारात आहे. कोणी ऑप्टिमायझेशन केलं नव्हतं. हाताला जे लागलं ते टिकलं, बास.

२१ ऑक्टोबर १९७६ ला या मंडळींनी फेअरफॅक्सजवळ पहिली 'रिपॅक' शर्यत लावली. तीन किलोमीटरच्या आसपासचा मातीचा रस्ता आणि त्यात ४०० मीटरचा उतार. 'रिपॅक' या नावातच सगळी मेकॅनिकल ब्रँच भरलेली आहे. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असायचा. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडा, पुसा, नवीन ग्रीस भरा. म्हणजे 'रिपॅक' करा.

किती तापत असेल? गणित आपलं नेहमीचंच आहे, एम-जी-एच. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा, उंची ४०० मीटर. साधारण साडेतीन लाख ज्यूल झाले. या शर्यतीचा विक्रम गॅरी फिशरच्या नावावर आहे, ४ मिनिटं २२ सेकंद. भागाकार केला तर तेराशे वॅटच्या वर येतं. म्हणजे रेक्टर सरांची नजर चुकवून आपण बादलीत जी कॉइल सोडतो, जवळपास तेवढी! त्यातली काही ऊर्जा हवेत जाते, काही टायरमध्ये, पण मोठा वाटा मुठीएवढ्या हबच्या पोटात. धूर निघणार नाही तर काय होईल?

आणि आता मुद्द्याची गोष्ट. ज्याच्या हबमधून धूर निघाला त्यालाच तो हब उघडून साफ करावा लागायचा. दर वेळी हात भाजून घेणारा माणूस "याला दुसरा काही उपाय नाही का?" असं विचारणारच. फिशर सायकलच्या दुकानात मेकॅनिकचं काम केलेला माणूस. त्याने त्या खटाऱ्याला ड्रम ब्रेक बसवले, ब्रेक ओढायला मोटरसायकलचे लिव्हर लावले, चढावर ढकलत न्यायला नको म्हणून गिअर बसवले. गिअरची कल्पना एकट्याची नव्हती. डिसेंबर १९७४ मध्ये मरिनमध्ये झालेल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीला कुपर्टिनोची काही पोरं जाड टायरच्या सायकलींना गिअर लावून आली होती. ते बऱ्याच जणांनी पाहिलं. चांगली कॉपी कशी करायची असते ते यावरून शिकावं. जर्नलची नव्हे!

ब्रेक सुधारले तसा वेग वाढला. वेग वाढला तशा जुन्या फ्रेम वाकायला आणि तडकायला लागल्या. मग जो ब्रीझ नावाच्या, फ्रेम बांधता येणाऱ्या शर्यतपटूने १९७७ मध्ये क्रोमोली पोलादाच्या नळ्या घेऊन खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. १९७८ पर्यंत अशा दहा सायकली तयार झाल्या. टॉम रिची फ्रेम करू लागला आणि १९७९ मध्ये फिशर व त्याचा मित्र चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमधून बनवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचलासुद्धा. भंगारातल्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं! मुलींच्या हॉस्टेलच्या माहितीसाठी आणखी एक. या टोळक्यात वेंडी क्रॅग ही मुलगीही रिपॅकवर सायकल हाणायची, आणि त्या काळाचे आज जे उत्तमोत्तम फोटो दिसतात त्यातले कितीतरी तिने काढलेले आहेत.

कोणी म्हणेल, योगायोग असेल. पण त्याच १९७६ साली, तिथून हजार किलोमीटरहून जास्त लांब, कोलोरॅडो राज्यात दुसऱ्या एका डोंगरी गावात हेच घडत होतं. गावाचं नाव क्रेस्टेड ब्यूट, उंची २७०० मीटर. कोळशाच्या खाणींचं गाव. मोठी खाण १९५२ मध्ये बंद पडली. रस्ते कच्चे, त्यामुळे गावात सगळे जुन्या जाड टायरच्या सायकलीच वापरायचे. शेजारच्या ॲस्पेनची काही मंडळी मोटरसायकलवरून ३८०० मीटरहून उंच पर्ल खिंड ओलांडून आली आणि गावात फुशारक्या मारायला लागली. गावकऱ्यांचा इगो दुखावला. सप्टेंबर १९७६ मध्ये पंधराएक जण त्याच खटारा सायकलींवरून खिंड ओलांडून ॲस्पेनला गेले. दोन दिवस लागले, पण गेले! १९७८ मध्ये हे ऐकून कॅलिफोर्नियाची पोरं आपल्या सुधारलेल्या सायकली घेऊन तिथे आली. दोन गावांची गाठ पडली आणि पुढचा इतिहास झाला.

या दोन गावांत समान काय होतं? पैसा नव्हता, विद्यापीठ नव्हतं. डोंगर दाराशी होता, आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची सवय होती. बास!

अशा डोंगरी गावातलं सायकलचं दुकान म्हणजे काय चीज असते, ते समजून घेण्यासारखं आहे. उन्हाळा आला, बर्फ वितळला की कामाचा डोंगर. भाड्याच्या सायकली घेऊन गेलेले पर्यटक संध्याकाळी त्या मोडून आणतात. कुणाचं चाक आउट, कुणाच्या ब्रेकमध्ये हवा शिरलेली, कुणाची साखळी तुटलेली. पगार बेताचा. हिवाळ्यात बर्फ पडला की यातले बरेच जण स्कीइंगच्या ठिकाणी काम धरतात. पण शटर खाली ओढलं की दिवसभर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करणारी हीच मंडळी आपापल्या सायकली काढून उजेड असेपर्यंत डोंगरात जातात. दुपारी बसवलेला पार्ट संध्याकाळी दगडावर आपटून बघायचा आणि सकाळी त्याचा निकाल पुन्हा टेबलावर! एवढ्या लवकर निकाल आपल्या युनिव्हर्सिटीला कधी जमायचा कोण जाणे.

त्या टेबलावर काय शिकायला मिळतं याची दोन उदाहरणं देतो. पहिलं, मागचा गिअर ज्या छोट्याशा ॲल्युमिनियमच्या कानाला लटकतो त्याला हँगर म्हणतात. सायकल पडली की तो वाकतो किंवा तुटतो. नवखा माणूस म्हणेल, काय फालतू पार्ट आहे! पण तो मुद्दामच कमजोर ठेवलेला असतो. तो वाकतो म्हणून महागडी फ्रेम वाचते. हा मेकॅनिकल फ्यूज आहे. मशीन डिझाइनच्या पुस्तकात 'शिअर पिन' आपण पाठ करतो, इथे ती हातात तुटून येते.

दुसरं उदाहरण तुम्ही आज रूमवर करून बघू शकता. सायकलच्या साखळीची पिच अर्धा इंच असते. म्हणजे २४ पिचची लांबी बरोबर १२ इंच. वर्कशॉपची स्टीलची पट्टी लावा. पहिल्या पिनपासून मोजताना चोविसाव्या पिचची पिन १२ इंचाच्या अर्धा सूत पुढे गेली असेल तर साखळी बदलायची वेळ झाली. एक सूत पुढे गेली असेल तर साखळीने दातेही खाल्ले, आता दोन्ही बदला. कॉलेजच्या गेटसमोरच्या सायकलवाल्या काकांना हे पट्टीशिवाय, नुसतं साखळी चिमटीत धरून कळतं. आपल्याला टॉलरन्स आणि वेअर यांच्या व्याख्या येतात. फरक लक्षात येतोय ना?

आता वाटेकडे येऊ. कारण दुकान कितीही चांगलं असलं तरी चालवायला जागा नसेल तर उपयोग काय? इथे फेअरफॅक्सची गोष्ट जरा कडू आहे. सायकलींची गर्दी वाढली, पायी फिरणारे आणि घोडेस्वार वैतागले, वाटांची धूप होते अशा तक्रारी झाल्या. १९८० च्या दशकात टॅमलपायसच्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. रुंद मातीच्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा. जिथे माउंटन बाइक जन्मली तिथेच तिला दारात उभं राहावं लागलं!

त्यातून शहाणपण आलं. क्रेस्टेड ब्यूटमध्ये १९८३ मध्येच सायकलवाल्यांनी आपली संघटना काढली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून 'इम्बा' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्यांच्या लक्षात आलं की वाटेवर हक्क सांगायचा तर आधी हातात फावडं घ्यावं लागेल. पडलेली झाडं हटवायची, पाण्याचे चर काढायचे, वाट ओली असताना सायकल घालायची नाही. आणि हे नुसतं श्रमदान नव्हतं, त्याला हिशेब होता. सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच धावतं. एकूण चढ सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. वाट दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कलती ठेवायची. आणि मध्येमध्ये चढाचा छोटा उतार करायचा, म्हणजे पाणी तिथे बाहेर पडतं.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गडावर जाणारी सरळसोट उभी पायवाट पावसाळ्यात ओढा होते, मग लोक बाजूने चालतात, मग तिथे दुसरा ओढा होतो. तीच जुनी, डोंगराला आडवी वळसे घेत जाणारी वाट बघा. कित्येक पावसाळे ती तशीच राहते. आपल्या कॉलेजच्या मागच्या टेकडीवर दोन्ही प्रकार आहेत. फ्लुइड मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल जूनमध्ये फुकट बघायला मिळतं, छत्री तेवढी न्यायची.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र फारच गुलाबी होईल. ज्या गावांत हे सगळं घडलं तिथे आता दुकानात काम करणाऱ्यालाच राहायला परवडत नाही. डोंगर, फुलं, सायकलच्या वाटा बघून बाहेरचा पैसा आला, घरांच्या किमती आणि भाडी चढली. जून २०२१ मध्ये क्रेस्टेड ब्यूटच्या टाऊन कौन्सिलने परवडणाऱ्या घरांच्या टंचाईवरून चक्क आणीबाणी जाहीर केली. माझ्या मुद्द्याची ही उलटी बाजू आहे. दुरुस्त करणारा माणूस गावात राहू शकला नाही, तो तासाभराच्या अंतरावरून येऊन संध्याकाळी परत गेला, की शटर बंद केल्यावर एकत्र डोंगरात जाणं संपतं. सायकली भारी भारी येत राहतील, पण त्या दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुठेतरी डिझाइन केलेल्या असतील. म्हणून जागा जवळ असणं पुरत नाही, माणूसही जवळ हवा.

आपल्याकडे तर तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. टेकडी मागे, वर्कशॉप मध्ये, हॉस्टेल पुढे. आणि हॉस्टेलच्या सायकल स्टँडमध्ये काय आहे? गंजलेल्या, बिनहवेच्या, मालक पास होऊन निघून गेलेल्या सायकली. एकाची ट्यूब गेली म्हणून दोन वर्षं उभी, दुसरीचा कॉटर पिन झिजला म्हणून तीन वर्षं. शेवटी टेम्पो येतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. ज्या कॉलेजात मेकॅनिकलची एवढी पोरं आहेत तिथे पंक्चरमुळे सायकल भंगारात जावी? आणि हीच आपण मंडळी फायनल इयरला बाहेरून तयार प्रोजेक्ट विकत आणायला हजारो रुपये काढतो. राव, जरा विचार करा.

म्हणून माझ्या सूचना. रेक्टर सरांनी टर्मच्या सुरुवातीला स्टँडमधल्या बेवारस सायकलींची नोटीस लावावी. महिनाभरात मालक आला नाही तर ती सायकल वर्कशॉपला द्यावी. वर्कशॉपचा एक कोपरा शनिवारी दुपारी उघडा ठेवावा. फर्स्ट इयरला आपण फिटिंगचा जो जॉब फाइल मारमारून करतो आणि सबमिशननंतर फेकून देतो, त्याऐवजी एका बॅचने चाकाची आउट काढायचा स्टँड बनवावा. तो पुढची दहा वर्षं वापरात राहील. हत्यारं म्हणाल तर पाने, स्पोकची चावी, चेन कटर, फ्रीव्हील काढायचा रिमूव्हर, पंप आणि ट्यूब बुडवायला एक घमेलं. गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्राच्या एका गाण्याच्या खर्चात येईल. आणि टेकडीच्या वाटेवर मे महिन्यात, पावसाआधी, वन खात्याची रीतसर परवानगी घेऊन एनएसएसने चर काढावेत. सिव्हिलवाल्यांनी लेव्हल घेऊन यावं.

यावर आक्षेप येणार. एक, "इंजिनिअरने काय पंक्चर काढायचं का?" मला वाटतं, ज्याला पंक्चर काढायची लाज वाटते त्याला पुढे कंपनीत मशीन बंद पडल्यावर ऑपरेटरसमोर जास्त लाज वाटेल. दोन, "अपघात झाला तर जबाबदार कोण?" हा प्रश्न स्टाफने विचारणं बरोबरच आहे. म्हणून हेल्मेट सक्तीचं, ब्रेक तपासल्याशिवाय सायकल बाहेर नाही आणि पावसात वाट बंद, हे नियम पहिल्या दिवसापासून असावेत. रिपॅकच्या पहिल्या शर्यतीत न पडता खाली पोचलेला ॲलन बाँड्स एकटाच, आणि म्हणून जिंकलाही तोच, असं सांगतात. आपल्याला तो इतिहास पुन्हा घडवायचा नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉलेजात फुकट दुरुस्ती सुरू झाली तर गेटवरच्या काकांच्या पोटाचं काय? त्यांना टाळून हे करायचंच नाही. शनिवारी दुपारी त्यांनाच बोलवायचं, गेस्ट लेक्चरला येणाऱ्या पाहुण्यांना देतो तसं मानधन द्यायचं आणि समोर बसून शिकायचं. सुटे भाग त्यांच्याच दुकानातून घ्यायचे. आज स्टँडमध्ये मरून पडलेल्या सायकली रस्त्यावर आल्या तर टायर-ट्यूब विकत घ्यायला कुणाकडे जाणार? त्यांच्याकडेच. शिवाय ओव्हरऑइलिंगचं मोठं काम त्यांच्याच हातचं, ते आपल्याला दोन टर्ममध्ये जमणार नाही.

यातून पुढे काही नवा शोध लागेल असा दावा मी करत नाही. नाही लागला तरी चालेल. पण चार वर्षांत निदान एक गोष्ट प्रत्येकाने स्वतः वापरून मोडलेली, स्वतः उघडलेली आणि स्वतः पुन्हा चालू केलेली असावी, एवढीच अपेक्षा आहे.

वर्कशॉपच्या सरांशी आणि काकांशी बोलणं झालं आहे, दोघांनीही नाही म्हटलेलं नाही. पुढच्या टर्मच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता वर्कशॉपच्या मागच्या दाराशी या. ब्रँच कुठलीही चालेल. सायकल असेल तर ती आणा, नसेल तर हात पुसायला एक जुना बनियन आणा.